जुनं इंद्रजाल घेताना आधी मधलं पान बघा

सोलापुरातल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानात वेताळ थोर की मँड्रेक, हा इंद्रजाल कॉमिक्सच्या नायकांवरचा वाद कितीही रंगू दे, अंक घेताना मुखपृष्ठावर भुलू नका. आधी मधलं पान उघडा. पिना गंजल्या की कागद तिथेच कुजतो आणि मधली जोडपानं सुटून हरवतात. म्हणून पानांचे क्रमांक सलग आहेत का, तेही तपासा.

इंद्रजाल १९६४ ते १९९० निघालं. कागद स्वस्तातला, लगद्यात लिग्निन, म्हणजे लाकडातलाच एक घटक. उजेडात पिवळा पडणारच. इथल्या मे महिन्यात कडा ठिसूळ होतात, पत्र्याखालचा माळा तर नकोच!

गंजकी पीन पाय सरळ करून अलगद काढा, त्याच भोकांतून सुती दोरा ओवा. सेलोटेप अजिबात नको, त्याचा तपकिरी डाग जात नाही.