पुण्यातले गोव्याचे वकील

पणजीच्या पुराभिलेखागारात जुन्या दप्तरांच्या एका मालिकेला ‘शेजारचे राजे’ अशा अर्थाचे पोर्तुगीज नाव आहे. ते वाचताना मला प्रत्येक वेळी गंमत वाटते, कारण त्या शेजाऱ्यांत पुण्याचे पेशवेही येतात.

गोव्याचे पोर्तुगीज आणि मराठे या दोन शेजाऱ्यांमधील वकिलाचे, म्हणजे राजदूताचे, पद पोर्तुगीजांनी गोऱ्या साहेबाकडे क्वचितच सोपवले. १६६७ मध्ये गोव्यातील बारदेशावर झालेल्या मराठ्यांच्या स्वारीनंतर शिवाजी महाराजांशी बोलणी करायला त्यांनी रामाजी शेणवी कोठारी यांना पाठवले. पुढे पेशव्यांच्या दरबारी नारायण शेणवी धुमे यांनी हे काम केले. मोडी लिपी आणि पोर्तुगीज भाषा दोन्ही वाचणारा आणि दरबाराचा रिवाज जाणणारा माणूस बहुधा शेणवी, म्हणजे गोव्यातील सारस्वत ब्राह्मण, घराण्यांत मिळे. त्यांच्यापैकी कित्येक जण सरकारी दुभाषी म्हणूनही काम करत.

वकिलाच्या कामाचे स्वरूप सांता आना या पोर्तुगीज जहाजाच्या प्रकरणात नेमके दिसते. १७७२ मध्ये मराठ्यांच्या आरमाराने या जहाजाच्या केलेल्या नुकसानीची भरपाई म्हणून १७७९ चा तह झाला आणि १७८३ पासून नगर हवेलीतील ७२ गावांचा महसूल पोर्तुगीजांकडे जाऊ लागला. एका जहाजाबद्दल एवढी गावे! पुण्यातील घासाघीस किती दिवस चालली असेल, याची कल्पना केलेली बरी.

या वकिलांवर संशोधन करून इतिहासकार पांडुरंग पिसुर्लेकर यांनी १९५२ मध्ये जो ग्रंथ काढला, तो मात्र पोर्तुगीजमध्ये आहे. शब्दकोश मांडीवर घेऊन मी तो रोज दोन-दोन पाने वाचतो आहे.