हलक्या पाण्याच्या गावातले दुकान

गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात वडिलांनी दुकान घातले ते नळजोडणीच्या कामासाठी. जीआय (जस्त चढवलेले लोखंडी) पाइप, ते जोडायचे एल्बो, टी, सॉकेट, आणि सांधा गळू नये म्हणून ताग आणि सफेदा, एवढाच माल. टेफ्लॉन टेप आल्यावरही ते पाइपच्या आट्यावर तागच गुंडाळत. त्यांचा आटे पाडायचा डाय अजून आमच्याकडे आहे. अर्धा आणि एक इंचाच्या जोड्या आहेत, पाऊण इंचाची नाही. ती कुठे गेली ते पुढे येईल. डाय अर्धा फेरा पुढे न्यायचा, थोडा मागे घ्यायचा, तेल सोडायचे, मग पुन्हा पुढे. घाई केली की आटा फाटतो आणि सांधा भिंतीत गळत बसतो. आताची पोरे सीपीव्हीसीच्या प्लास्टिक पाइपला सोल्युशन फासून मोकळी होतात, तेही ओल्या पाइपला. असो.

दुकान माझ्याकडे आल्यावर मी पाण्याचे काठिण्य, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम, तपासायचे किट आणले. नमुन्यात इरियोक्रोम ब्लॅक टी नावाचा रंग टाकला की पाणी दारूसारखे लालसर होते. मग ईडीटीए हे रसायन थेंबथेंब सोडायचे आणि निळे झाले की थांबायचे. थेंब जितके कमी, पाणी तितके हलके. पडोशाच्या पाणी प्रकल्पातून येणारे नळाचे पाणी काही थेंबांतच निळे होते. आपला मुलूख जांभ्याचा, इथे चुनखडक फारसा नाही, मग पाण्यात कॅल्शियम येणार कुठून? पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक आयएस 10500, त्याप्रमाणे काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत असले तर ठीक. आपले नळाचे पाणी त्याच्या जवळपासही जात नाही. सोलापूरकडून लग्न होऊन आलेल्या एक वहिनी तक्रार घेऊन आल्या होत्या, "दादा, इथल्या पाण्याने अंगावरचा साबणच निघत नाही." हलक्या पाण्यात तसेच वाटते. साबण कमी लावा म्हटले, आणि काहीही न विकता त्यांना परत पाठवले.

आपल्याकडचा खरा त्रास वेगळा आहे. विहिरीत लोह, पाणी किंचित आंबट, आणि पहिल्या पावसात नळाला लाल गढूळ. आमच्या आळीतल्या माईंच्या विहिरीचे पाणी काढताना काचेसारखे दिसे, तासाभरात तांबूस होई. चहा काळा पडे, पांढऱ्या लुगड्यावर पिवळे डाग. त्यांना मी दोन ड्रमांचा फिल्टर करून दिला. वरच्या झाकणाला भोके पाडली, म्हणजे पाणी शॉवरसारखे पडते, हवा लागते आणि लोह गाळ होऊन बसते. खालच्या ड्रममध्ये वाळू आणि खडी. माईंनी पैसे हप्त्याने दिले, पण त्यांच्या शब्दावर आळीतली निम्मी घरे माझ्याकडे आली. त्यानंतरची वर्षे चांगली गेली, त्यांत सांगण्यासारखे काही नाही.

10 सप्टेंबर 2012 ला गोवा सरकारने लोहखनिजाच्या खाणी थांबवल्या, पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाचाही आदेश आला. डिचोलीत त्याचा अर्थ सांगायला नको. खाणींच्या कँटीनचे काम, ट्रकमालकांची नवी घरे, सगळे अर्ध्यावर राहिले आणि उधारी वहीतच राहिली. तरी त्यातून निघालो असतो. पण त्याच सुमारास आमच्याच हाताखाली शिकलेल्या एका मुलाने चार दुकाने सोडून आरओचे, म्हणजे बारीक पडद्यातून पाणी दाबून क्षार काढणाऱ्या मशीनचे, शोरूम उघडले. जाताना डायची पाऊण इंचाची जोडी 'दोन दिवसांसाठी' घेऊन गेला.

त्याचा खेळ असा. दोन ग्लास, एकात नळाचे पाणी, दुसऱ्यात आरओचे. दोन्हींत सळ्या बुडवून वीज सोडायची. नळाचे पाणी बघता बघता काळपट-तपकिरी, वर फेस. आरओचे तसेच स्वच्छ. "काकी, हे तुम्ही पोराला पाजता?" म्हटल्यावर कोण थांबेल? घाण पाण्यात नसते, सळीचे लोखंड विरघळून बाहेर पडते. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात, म्हणून त्यातून वीज जेमतेम वाहते आणि ते स्वच्छ राहते. मी तशाच सळ्या आणून काउंटरवर ठेवल्या. आरओच्या पाण्यात चिमूटभर मीठ टाकून दाखवायचो, तेही तसेच काळे होई. लोक हसायचे, आणि गणेश चवथीच्या आधी त्याच्याकडून मशीन घ्यायचे, महिन्याच्या हप्त्यावर. ज्या नळाच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेल्या क्षारांचे मिलिग्रॅम, शंभराच्या आत, त्याला आरओ! वर एक लिटर प्यायला दोन-तीन लिटर मोरीत.

त्या काळात मी कामगार कमी केले, माळ्यावरचे पाइप पडेल भावाने विकले. माईंकडे त्याचा विक्रेता गेला तेव्हा त्यांनी त्याला ओसरीवर बसवले, कॉफी दिली आणि म्हणाल्या, "आधी त्याची डाय परत कर म्हणावे तुझ्या शेठला." ती काही आली नाही.

2019 साली राष्ट्रीय हरित लवादाने टीडीएस 500 च्या खाली असेल तिथे आरओ वापरू देऊ नये असे सांगितले. ते कात्रण मी काउंटरच्या काचेखाली लावले, अजून आहे. तोवर त्याने शोरूम हलवले होते. त्याने विकलेल्या मशीनचे कँडल आता आम्हीच बदलतो. आधी मी नाही म्हणत होतो, मुलगा म्हणाला, "बाबा, गिऱ्हाइकाचा काय दोष?" तेही खरेच.

आरओला माझा विरोध नाही. किनाऱ्यालगत बोअर खारे असते, गिझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो, तिथे सॉफ्टनर (जड पाणी हलके करणारे यंत्र) किंवा आरओ आम्हीही बसवतो. सॉफ्टनरमधल्या रेझिनला, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या दाण्यांना, मिठाचे पाणी वेळेवर दिले नाही तर मात्र तो नुसता शोभेचा.

आणि टीडीएस मीटरवर भुलू नका. तो फक्त क्षार मोजतो. जंतू असलेले पाणीही 40 दाखवेल. पावसात पाणी उकळा, टाकी मिरगाच्या आधी धुवा, ब्लीचिंग पावडर टाकून ठेवा, मग ते पाणी सोडून द्या. विहिरीचा पीएच (आंबटपणाचे माप, जितका कमी तितके आंबट) साडेसहाच्या खाली असेल तर तांब्याच्या पाइपचे निळे-हिरवे डाग भांड्यात दिसतात, त्याला कॅल्साइटचा (चुनखडीच्या दाण्यांचा) फिल्टर लागतो, आरओ नव्हे.

नमुना आणायचा तर बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरून आणा. सरबताची बाटली नको. लोहाचा नमुना असेल तर काढल्या काढल्या आणा, नाहीतर गाळ खाली बसतो आणि मला काहीच सापडत नाही. तपासणीचे पैसे घेत नाही. रविवारी दुकान बंद.