ईसी २०२५, स्टॅनफर्ड: कशी गेले, काय मिळालं आणि पुढच्यांसाठी थोडं

दोन-तीन ज्युनिअर्सनी विचारलं म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून ठेवते. ईसी म्हणजे एसीएम या कम्प्युटरवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची इकॉनॉमिक्स अँड कम्प्युटेशन कॉन्फरन्स. लिलाव, मॅचिंग (म्हणजे कुणाला कुठली जागा द्यायची याची जोडणी), मार्केट डिझाइन (अशा वाटपाचे नियम आखणं) यावर काम करणारे कम्प्युटरवाले आणि अर्थशास्त्रवाले एका छताखाली येतात ती. जागा दरवर्षी बदलते, २०२३ ला लंडन, २०२४ ला येल आणि २०२५ ला ७ ते १० जुलै स्टॅनफर्ड. माझं एका वर्कशॉपमध्ये पोस्टर होतं, मेन कॉन्फरन्समध्ये पेपर नव्हता, तरीही जाऊन आले आणि जायलाच हवं होतं असं आता वाटतं.

आधी व्हिसाचं बोलते, कारण इथेच बहुतेकांचं घोडं अडतं. पेपर फेब्रुवारीत द्यायचा, निकाल मे महिन्यात, कॉन्फरन्स जुलैत, म्हणजे मधे जेमतेम दोन महिने आणि तेवढ्यात अमेरिकेच्या इंटरव्ह्यूची तारीख मिळेलच याची काहीच खात्री नसते. कॉन्फरन्स अमेरिकेत असेल तर निकालाची वाट न बघता मार्चमध्येच अर्ज टाका, मी तेच केलं, फी गेली तर गेली म्हटलं. पुण्याहून मुंबईत बीकेसीला दोन खेपा झाल्या, एक बायोमेट्रिकला आणि एक इंटरव्ह्यूला. तिथे विचारलं काय काम करता, तर मी म्हटलं, मुलांच्या पसंतीक्रमाप्रमाणे कॉलेजच्या सीटा कशा वाटायच्या त्याचं गणित करते. बस, एवढंच. तुमचंही असं एक साधं वाक्य आधीच घोटून ठेवा, तिथे गेम थिअरी समजावत बसू नका.

पैशाचं म्हणाल तर एसीएमची स्टुडंट मेंबरशिप आधी घ्या, रजिस्ट्रेशन स्वस्त पडतं. एसीएम इंडिया आणि आयएआरसीएस (भारतातल्या कम्प्युटर संशोधकांची संस्था) मिळून प्रवासासाठी ग्रँट देतात त्याला अर्ज करा, कॉन्फरन्सच्या स्वतःच्या स्टुडंट ग्रँटलाही करा, पण मंजूर झालं तरी पैसे नंतर हातात येतात तेव्हा तिकिटाची सोय आधी आपली आपण करून ठेवायची. त्यात कॉन्फरन्सच्या आधीचा वीकेंड ४ जुलैचा, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाचा लाँग वीकेंड, हॉटेलचे दर बघूनच मी मामेबहिणीला फोन केला. ताई सनीवेलला राहते, तिथल्या एल कमिनो रिअलवर देशी दुकानांची रांगच आहे, त्यामुळे खाण्याचे हाल झाले नाहीत.

सॅन फ्रान्सिस्को एअरपोर्टवरून बार्टने (तिथली मेट्रो) मिलब्रे स्टेशन, तिथून कॅलट्रेन ही लोकल. क्लिपर हे प्रवासाचं कार्ड पहिल्याच मशीनवर घेऊन टाका, दोन्हीकडे चालतं, फक्त कॅलट्रेनला चढताना आणि उतरताना दोन्ही वेळा टॅप करायचं, उतरताना विसरलात तर जास्तीचं भाडं कापलं जातं. पालो आल्टोला उतरलं की मार्गरीट नावाची युनिव्हर्सिटीची बस फुकट आहे, पण वेळ असेल तर पाम ड्राइव्हने चालतच जा, दोन्ही बाजूंना ताडासारखी उंच झाडं आणि समोर सरळ मेन क्वाड, म्हणजे युनिव्हर्सिटीचा मुख्य चौक. जुलै असला तरी सकाळी गार असतं आणि हॉलमध्ये एसी, स्वेटर हवाच. पोस्टर कापडावर छापून घ्या, घडी करून कपड्यांत बसतं, ती लांब नळी विमानात सांभाळायला नको.

आणि स्टॅनफर्ड ही लिलाव-मॅचिंगच्या या विषयाची पंढरीच आहे म्हणा ना. अल्विन रॉथना २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल, पॉल मिलग्रम आणि रॉबर्ट विल्सनना २०२० चं, तिघेही इथलेच, आणि रॉथ आणि मिलग्रम दोघांचेही पीएचडीचे गाईड विल्सन! २०२० ला नोबेलवाल्यांचा फोन मिलग्रमना लागेना, तर समोरच राहणारे विल्सन रात्री दोनच्या सुमारास रस्ता ओलांडून गेले आणि बेल दाबून त्यांना उठवलं, दारावरच्या कॅमेऱ्यात ते रेकॉर्डही झालंय. गुरू आपल्याच शिष्याला झोपेतून उठवून ही बातमी देतोय हे त्या गावात असताना आठवलं की अंगावर काटा यायचा.

आता मुख्य. एकाच वेळी बऱ्याच खोल्यांत टॉक चालू असतात, सगळं गाठायला जाऊ नका. मी पहिल्या दिवशी धावपळ केली, त्यात साडेबारा तासांचा वेळेचा फरक, दुपारी डोळे मिटायला लागले. दुसऱ्या दिवसापासून सकाळी दोन टॉक नीट ऐकायचे आणि कॉफीच्या वेळी बोलायचं, असं ठरवलं.

त्या कॉफीतच माझं खरं काम झालं. शाळाप्रवेशावर काम करणाऱ्या दोन पीएचडीवाल्या मुली होत्या, त्यांनी विचारलं भारतात प्रवेश कसे होतात. जोसाचं, म्हणजे आयआयटी-एनआयटीच्या सीटा वाटणाऱ्या देशपातळीवरच्या व्यवस्थेचं, त्यांना माहीत होतं, २०१५ ला आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश एकत्र झाले, त्याआधी एकच मुलगा दोन्हीकडे सीट अडवून बसायचा आणि शेवटी सीटा रिकाम्या राहायच्या, त्यावरचा पेपर त्यांनी वाचला होता. आपल्या कॅपचं, म्हणजे महाराष्ट्रातल्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचं, मात्र काहीच माहीत नव्हतं. मग मी टिश्यू पेपरवर सीट टाइप लिहायला लागले. जी-ओपन-एच म्हणजे जनरल, ओपन, होम युनिव्हर्सिटी. एल आला की लेडीज. शेवटी ओ म्हणजे दुसऱ्या युनिव्हर्सिटीची, एस म्हणजे स्टेट लेव्हल. मग टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीच्या सीटा. एक टिश्यू संपला, दुसरा घेतला. त्यांचा पहिलाच प्रश्न होता की एखादी ओबीसी मुलगी मेरिटवर ओपनमध्येही बसत असेल तर तिची सीट कुठून मोजतात, आधी ओपन भरता की आधी राखीव? अगदी नेमक्या ठिकाणी बोट! याच प्रकारच्या गुंत्यावर, म्हणजे महिलांच्या आडव्या आरक्षणात (जे प्रत्येक प्रवर्गाच्या आत लागू होतं) राखीव प्रवर्गातल्या मुलींना ओपनच्या सीटांसाठी धरायचं की नाही यावर, डिसेंबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाचा सौरव यादव निकाल आला आणि तो हक्क त्यांना मिळाला. सोनमेझ आणि येनमेझ यांचा २०२२ चा पेपर भारतातल्या याच उभ्या (म्हणजे प्रवर्गनिहाय) आणि आडव्या आरक्षणाच्या गणितावर आहे. मी आजवर तो नुसता थिअरी म्हणून वाचत होते, पण माझ्या धाकट्या भावाचा ऑप्शन फॉर्म मीच भरला होता, फ्रीझ करायचं (मिळालेली सीट पक्की करायची) की बेटरमेंटला जायचं (पुढच्या राउंडला आणखी चांगल्या सीटसाठी थांबायचं) यावर घरात रात्रभर झालेला वाद डोळ्यांसमोर होता, आणि तेच सगळं त्या दोघी वहीत उतरवून घेत होत्या.

म्हणून सांगते, जाताना आपल्याकडचा एक खरा प्रश्न घेऊन जा, अगदी तपशिलासकट. इंग्रजी अडखळलं तरी चालतं, तिथे कुणी त्यावरून जोखत नाही. मोठ्या प्रोफेसरांना गाठायचं असेल तर टॉक संपल्या संपल्या गर्दीत घुसू नका, जेवणाच्या टेबलावर शेजारी बसा आणि त्यांच्या पेपरातली एक नेमकी ओळ विचारा. ज्यांच्याशी बोललात त्यांना त्याच रात्री मेल टाका, चार ओळी पुरतात.

त्या दोघींशी आता दर पंधरा दिवसांनी कॉल असतो. आम्ही इंजिनिअरिंग कॅपच्या राउंडनिहाय कटऑफच्या पीडीएफ एकत्र करतोय, अलीकडच्या वर्षांच्या सापडल्या, पण २०१२ च्या आधीच्या फारच थोड्या आहेत. कुणाच्या जुन्या कम्प्युटरवर, क्लासच्या कपाटात छापील स्वरूपात, कुठेही असतील तर प्लीज मला कळवा.