उंट का वर्ज्य?

बायबलमधल्या लेवीय या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात आज उंटापाशी अडकले. उंट रवंथ करतो, पण त्याचा खूर दुभंगलेला नाही, म्हणून ज्यूंना खायला वर्ज्य. डुकराचं उलट. खूर दुभंगलेला, पण रवंथ नाही. तेही वर्ज्य.

एकेक अट पुरी करूनही दोघं बाहेर! दिवसभर हेच डोक्यात.

पहिल्या शतकातला अलेक्झांड्रियाचा ज्यू तत्त्वज्ञ फायलो यात मनाची शिस्त पाहतो. रवंथ म्हणजे शिकलेलं स्मरणात पुन्हा पुन्हा घोळवणं. दुभंगलेला खूर म्हणजे भल्याबुऱ्याची निवड. दोन्ही एकत्र हवीत.

मला त्यातला उंटच जास्त अस्वस्थ करतो. कुणाचं लागलेलं बोलणं माणूस वर्षानुवर्षं चघळतो, पण त्यातलं खरं किती आणि टाकायचं किती, हे वेगळं करत नाही. त्याला आपण चिंतनही म्हणतो!

आणि अर्थ कळला म्हणून नियम सोडा, असं फायलो म्हणत नाही. ताटातलाही पाळायचा. हे मला फार पटतं. नुसत्या प्रतीकात पळवाटा खूप.

रोज ताटापुढे थांबावं लागलं नसतं, तर मनात काय शिरतंय याकडे कुणाचं लक्ष गेलं असतं का?