दोन तारखांमधली जागा

कालनिर्णयाच्या चौकटीत दुधाचा खाडा, सिलिंडर आल्याची तारीख आणि कोणाला दिलेली उचल टिपून ठेवणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला हेइआन काळातील (सुमारे नववे ते बारावे शतक) जपानी उमरावांच्या रोजनिश्या फारशा परक्या वाटत नाहीत. त्या काळी क्योतोच्या दरबारातील ज्योतिष-कचेरी दरवर्षी पंचांग तयार करी. त्यात प्रत्येक दिवसाचे शुभाशुभ बारीक अक्षरांत दिलेले असे, आणि दोन तारखांच्या मध्ये दोनेक ओळींची जागा कोरी सोडलेली असे. मोठमोठे अधिकारी आपला दिवस त्या कोऱ्या जागेत लिहीत.

हा छंद नव्हता, शिस्त होती. इ. स. 960 मध्ये वारलेले मंत्री फुजिवारा नो मोरोसुके यांनी वंशजांना घालून दिलेला परिपाठ असा: उठल्यावर आपल्या ताऱ्याचे नाव सात वेळा घ्यावे, आरशात तोंड पाहावे, पंचांग पाहावे, दात घासावेत, हात धुवावेत, बुद्धाचे नाव घ्यावे आणि आदल्या दिवशी घडलेले लिहून काढावे, पेज त्यानंतर. हाताची नखे बैलाच्या दिवशी काढावीत आणि पायाची वाघाच्या दिवशी (पंचांगात दिवसांना बारा प्राण्यांची नावे आळीपाळीने येत), हेही त्यात आहे. एवढा आटापिटा अशासाठी, की दरबाराचा सारा कारभार पूर्वापार रीतीवर चाले. कोणत्या समारंभात कोणी कोठे बसावे आणि कोणी आधी उठावे, हे ज्याच्या घरच्या कागदांत सापडे, त्याच्या शब्दाला वजन असे.

अशा कागदांचे सर्वांत मोठे धनी म्हणजे फुजिवारा नो सानेसुके (957–1046). मोरोसुकेंचे थोरले बंधू सानेयोरी यांचे हे नातू. आजोबांनी त्यांना दत्तक घेतले आणि घराण्याची दौलत त्यांच्या हाती आली. मात्र सत्ता गेली ती मोरोसुकेंच्या शाखेकडे, त्यांचे नातू मिचिनागा यांच्याकडे. मिचिनागांनी आपल्या मुली एकामागून एक सम्राटांना दिल्या आणि बाकीचे उमराव त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. सानेसुके तेवढे रीतीवर बोट ठेवून राहिले. 999 साली मिचिनागांची थोरली मुलगी राजवाड्यात जायची होती, तेव्हा तिच्या घडीच्या पडद्यासाठी वरिष्ठ सरदारांकडून कविता मागवण्यात आल्या. हे काम आपल्या दर्जाचे नाही, म्हणून सानेसुकेंनी चक्क नकार दिला. 1012 मध्ये मिचिनागांची एक मुलगी सम्राज्ञी असताना सम्राट सान्जो यांनी आपल्या आणखी एका पत्नीला सम्राज्ञीपद देण्याचा दिवस ठरवला, तर मिचिनागांनी नेमक्या त्याच दिवशी आपल्या त्या मुलीचा राजवाडा-प्रवेश ठेवला. बहुतेकांनी कोणत्या ना कोणत्या सबबीने समारंभ टाळला. सानेसुके गेले आणि त्यांनी विधी पार पाडला. आकाशात दोन सूर्य नसतात, पृथ्वीवर दोन धनी नसतात, तेव्हा मोठ्या संकटाचे भय मी धरत नाही, अशा अर्थाचे वाक्य त्यांनी त्या निमित्ताने लिहून ठेवले आहे. ते चारचौघांत बोलले नाहीत, कागदावर उतरवले, याचे मला अधिक अप्रूप वाटते.

1018 च्या दहाव्या महिन्याच्या सोळाव्या तिथीला मिचिनागांची तिसरी मुलगीही सम्राज्ञी झाली. मेजवानी रंगात आल्यावर त्यांनी सानेसुकेंना जवळ बोलावले, मी एक कविता म्हणणार आहे, तुम्ही तिला उत्तर द्या, असे सांगितले, आणि हे जग माझेच आहे असे वाटते, पौर्णिमेच्या चंद्राला जसे कोठे उणे नसते, या आशयाच्या ओळी म्हटल्या. आपल्या हिशेबाने ती तिथी वद्य प्रतिपदेच्या जवळची, पण यजमानाला ते कोण सांगणार? सानेसुकेंनी कवितेची तोंड भरून स्तुती केली. युआन झेन या कवीच्या शेवंतीच्या कवितेला कवी बाय जुई यांनीही उत्तर न देता ती दिवसभर गुणगुणली होती, असा चिनी दाखला दिला आणि सर्वांकडून तीच कविता पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली. उत्तर देणे बेमालूम टळले.

मिचिनागांच्या स्वतःच्या रोजनिशीत, जिच्या स्वहस्ताक्षरातील चौदा गुंडाळ्या आजही क्योतोत जपून ठेवल्या आहेत, त्या रात्रीबद्दल आपण कविता म्हटली आणि इतरांनी ती गायली, एवढेच आहे. कवितेचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचले ते सानेसुकेंनी टिपून ठेवले म्हणून.

पुढच्याच वर्षी सानेसुकेंनी आपला वाडा आणि बरीच मालमत्ता लाडक्या मुलीच्या नावे केली. पुढे 1021 मध्ये ते उजवे मंत्री (दरबारातील सर्वोच्च पदांपैकी एक) झाले आणि नव्वदीच्या घरात मरण येईपर्यंत त्या पदावर राहिले, मिचिनागांच्या मागे अठरा वर्षे.