हवा येते, ऊब येत नाही

ऑक्सफर्डजवळच्या ज्या गॅरेजात मी काम करतो, तिथे जुन्या ब्रिटिश गाड्याच येतात. उन्हाळ्यात त्या गाड्यांचे मालक टप उघडून हिंडतात, तेव्हा हीटरचं नावही कुणी काढत नाही. जानेवारीत मात्र फोन सुरू होतात. माझं शिक्षण सांगलीच्या आयटीआयचं. तिकडे हीटरचा उपयोग एकच: आंबा घाट चढताना गाडी तापली की भर उन्हात हीटर चालू करायचा, काचा खाली करायच्या आणि घाम गाळत वर पोचायचं. हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच. इंजिनातलं गरम पाणी त्यातून फिरतं, पंखा त्यावरून हवा ढकलतो आणि पाण्यातली उष्णता आत येते. आम्हाला ती पाण्यातून काढून टाकायची असायची, इथल्या लोकांना ती हवी असते. फरक एवढाच.

ही गाडी १९६५ची एमजीबी, दोन सीटांची, हिरवी. सोबत ऐंशीच्या आसपासचे आजोबा आणि आजी. (इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, पण मनातल्या मनात ते माझे आजी-आजोबाच.) गाडी आजोबांची, तक्रार आजींची. आजोबा म्हणाले, "हीटर ठीक आहे. एमजी अशाच असतात." आजी म्हणाल्या, "लग्न झाल्यापासून मी या गाडीत मांडीवर घोंगडी घेऊन बसते."

आधीच्या एका गॅरेजने थर्मोस्टॅट (इंजिनातल्या पाण्याचं तापमान राखणारी झडप), सिलिंडर हेडवरचा हीटरचा व्हॉल्व्ह आणि हीटरची जाळी, म्हणजे इथे ज्याला मॅट्रिक्स म्हणतात ती, असं सगळं नवीन घातलं होतं. ज्याने एमजीबीचा हीटर कधी काढलेला नाही त्याला या वाक्याचं गांभीर्य कळणार नाही. इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्या मधल्या कप्प्यात तो डबा असा ठोकून बसवलाय, की कारखान्यात आधी हीटर टांगला आणि मग त्याच्याभोवती गाडी बांधली, असं इथे गमतीने म्हणतात. कूलंट काढा, होज काढा, केबल सोडा, डॅशबोर्डाखाली उलटं झोपून काचेकडे जाणाऱ्या नळ्या उपसा, आणि तरी डबा कुठेतरी अडतोच. बोटांची सालटी निघतात. त्याचं बिलही तसंच असतं. आजींनी ते पर्समध्ये जपून ठेवलं होतं.

लक्षणं अशी: हायवेवर थोडी ऊब, गावात सिग्नलला थांबलं की थंड. आता हे लक्षण फसवं आहे. इंजिन सावकाश फिरतं तेव्हा पाण्याचा पंपही सावकाश फिरतो, म्हणून हीटरकडे पाणी कमी जात असेल तर नेमकं असंच होतं. एमजीबीच्या बी-सिरीज इंजिनात मागच्या बाजूला गाळ साचतो आणि हीटरचा व्हॉल्व्हही मागेच, त्यामुळे आधीच्या गॅरेजने पाण्याचा संशय घेतला यात नवल नाही. पण पंखा नीट ढकलत नसेल तरीही असंच होतं. वेगात असताना काचेखालच्या जाळीतून हवा आपसूक आत घुसते, थांबलं की घुसत नाही. दोन वेगळे आजार आणि ताप एकच. त्यांनी दुसऱ्याचा विचारच केला नाही, कारण पंखा "चालत होता". आवाज येत होता, नळीपाशी हात धरला की वारा लागत होता.

मी गाडी गरम होऊ दिली, हीटर पूर्ण उघडला, ब्लोअर लावला आणि तापमानाच्या काट्याकडे बघत बसलो. घाटातली सवय. जाळीवरून हवा जोरात गेली तर काटा किंचित तरी मागे सरकायला हवा. तो ढिम्म. थर्मोस्टॅट सांभाळून घेतो, म्हणून एकट्या काट्यावर मी विसंबत नाही. बॉनेट उघडून दोन्ही होजवर इन्फ्रारेड थर्मामीटर धरला. हीटरमध्ये जाणारं पाणी ७८ अंश, परत येणारं ७५.

इथेच केस निम्मी सुटली होती. पाणी कमी वाहत असेल तर ते जाळीत रेंगाळतं, उष्णता देऊन बसतं आणि बाहेर येताना चांगलंच थंड असतं. इथे ते आत गेलं तसंच बाहेर येत होतं. म्हणजे पाणी भरपूर, पण त्याच्याकडून उष्णता घेऊन जायला हवाच नाही. एवढी साधी तपासणी, दोन होज, दोन आकडे. तीही न करता आख्खा डबा उतरवणारे लोक या धंद्यात आहेत, आणि त्यांचा तासाचा दर आमच्यापेक्षा जास्त आहे.

काही चोंदलंय का ते पाहिलं. पानं नाहीत, उंदराचं घरटं नाही, फ्लॅप उघडतोय. मोटरला पूर्ण बारा व्होल्ट पोचत होते. मग मोटर बाहेर काढली. एवढी एक कृपा त्या इंजिनियरांनी केलीय, की डबा न हलवता मोटर निघते. मूळचा पत्र्याचा पंखा जाऊन त्या जागी प्लॅस्टिकचा, पिंजऱ्यासारखा पंखा होता. तो आजोबांनीच बसवलेला, जास्त हवेसाठी. त्याच वायरी मोटरला लावल्या, हातात धरून स्विच दिला आणि पात्यांकडे बघितलं.

पंखा उलटा फिरत होता.

अशा पंख्याची पाती वळलेली असतात आणि त्यांची वाटी ज्या बाजूला उघडते त्याच बाजूला तो फिरायला हवा. उलटा फिरला तरी हवा बाहेरच फेकतो, आत ओढत नाही, आणि म्हणूनच कुणाला संशय येत नाही. फक्त फार कमी फेकतो.

आता वायरिंग. काळी वायर बॉडीला, दुसरी स्विचकडून. डायग्रामप्रमाणे अगदी बरोबर. आणि मग माझी नजर मागच्या पत्र्यावर चिकटवलेल्या, पिवळ्या पडलेल्या पट्टीवर गेली: निगेटिव्ह अर्थ.

१९६७ पर्यंतच्या एमजीबी पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं प्लस टोक बॉडीला. पुढे बाजारात निगेटिव्ह अर्थचे रेडिओ आणि टेप आले आणि हौशी लोकांनी घरीच गाड्या उलट्या करून घेतल्या. बॅटरीची टोकं बदलायची, डायनॅमोच्या फील्डला क्षणभर करंट देऊन त्याची पोलॅरिटी फिरवायची, इग्निशन कॉइलच्या वायरी बदलायच्या, आणि इलेक्ट्रॉनिक रेव्ह काउंटर, म्हणजे इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा, उघडून त्याच्या पोटातलं कनेक्शनही फिरवायचं. आजोबा निवृत्त इलेक्ट्रिकल इंजिनियर. हे सगळं त्यांनी सत्तरच्या दशकात स्वतः केलं होतं आणि रेव्ह काउंटरच्या आतलं सोल्डरिंग मी पाहिलंय, मला तसं जमणार नाही. वायपरला त्यांनी हात लावला नाही, कारण त्या जुन्या मोटरला चुंबक नसतो. तिचं फील्ड, म्हणजे चुंबकीय क्षेत्र, वेटोळ्यांचं असतं, करंटबरोबर तेही उलटं होतं, म्हणून करंट उलटा केला तरी ती सुलटीच फिरते. वायपर बरोबर चालतात म्हणजे हीटरही चालणार, असं धरलं असावं. पण या हीटरच्या मोटरमध्ये कायमचा चुंबक. बेंचवर वायरींची अदलाबदल केली की ती तत्काळ दिशा बदलते.

मोटरच्या वायरींची दोन टोकं, म्हणजे बुलेट कनेक्टर, उपसून एकमेकांच्या जागी खोचले. काम संपलं. परत येणाऱ्या पाण्याचं तापमान घसरलं, आणि काचेवरची वाफ मी बघता बघता गेली.

आजोबा कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून होते. आमच्या गॅरेजच्या मालकांना हे आवडत नाही, ग्राहकाने वर्कशॉपात बसू नये असा नियम आहे, पण निवृत्त इंजिनियरला नियम सांगून काही होत नाही. त्यांना जवळ बोलावून मी मोटर दोन्ही दिशांना फिरवून दाखवली. ते काही बोलले नाहीत. मोटर माझ्या हातातून घेतली, पात्यांवरून अंगठा फिरवला, स्वतः वायरी बदलून पुन्हा बघितलं. मग आजी बाहेर कॉफी पीत बसल्या होत्या तिकडे एक नजर टाकून हळू आवाजात म्हणाले, "बिलावर मोटर खराब होती असं लिहिता येईल का?"

मी मालकांना विचारलं. मालक म्हणाले, "खोटं लिहायचं नाही. नवी मोटर घाल आणि 'मोटर बदलली' असं लिही." आजोबा लगेच कबूल झाले, वर कार्डही काढलं. म्हणजे चांगल्या मोटरच्या जागी मी नवी मोटर घातली. बिलातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. आणि तरी तेव्हापासून ते बिल माझ्या डोक्यातून जात नाही. आजोबांची लाज मला समजते. ज्या कामाचा अभिमान पन्नास वर्षं बाळगला, त्यातली एक वायर राहिली. पण घोंगडी कुणाच्या मांडीवर होती?

आजींनी गाडीत बसून पायाशी हात धरला आणि म्हणाल्या, "म्हणजे मोटरच होती तर." मी म्हटलं, "मोटर बदलली." आजोबा आरशात बघत होते.

हे इथेच संपलं असतं. पण गेल्या आठवड्यात आजींचा फोन आला. आधीच्या गॅरेजने नसलेला बिघाड दुरुस्त करून पैसे उकळले, ते त्यांना परत हवेत. मुद्दा शंभर टक्के रास्त आहे. त्यासाठी त्यांना आमच्याकडून पत्र हवंय: बिघाड नेमका काय होता, कशामुळे होता, आणि तो मॅट्रिक्स न बदलता सापडला असता का. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी एका दमात लिहीन, होजच्या तापमानासकट. दुसऱ्यावर अडलोय. 'जुनी मोटर निकामी' असं लिहिलं तर ते सरळ खोटं, आणि समोरच्या गॅरेजने जुनी मोटर दाखवा म्हटलं तर ती आमच्या फळीवर ठणठणीत पडलेली आहे. 'वायरी उलट्या होत्या' असं लिहिलं, तर आजी विचारणारच, कुणी लावल्या? त्या पट्टीवरचं अक्षर त्यांना ओळखता येतं.

मालक म्हणतात पत्र तूच लिही, गाडी तू बघितलीस. आजोबांनाच फोन करून विचारावं असं ठरवलं, तर फोन आजींनीच उचलला.