ऑटिझमचा आकडा वाढला, पण मोजलं काय?

अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा ऑटिझमवर (स्वमग्नतेवर) नवा रिपोर्ट आला की तोच तक्ता पुन्हा फिरायला लागतो, 2000 साली 150 मुलांमागे 1 आणि 2022 साली 31 मागे 1, खाली लाल अक्षरात "ऑटिझमची साथ". आकडे खरे आहेत हां. पण दोन्ही वेळी ऑटिझम म्हणजे काय धरलं होतं ते कोणी विचारतच नाही.

1943 मध्ये लिओ कॅनर या मनोविकारतज्ज्ञाने ऑटिझमच्या 11 मुलांबद्दल लिहिलं. 1980 च्या डीएसएममध्येसुद्धा (मानसिक आजारांच्या निदानाचे निकष देणारं अमेरिकन पुस्तक) लक्षणं अडीच वर्षांच्या आत दिसलीच पाहिजेत अशी अट होती, म्हणजे फक्त ठळक केसेस. मग 1987 ला निकष सैल झाले, 1994 ला अ‍ॅस्पर्गर नावाचा प्रकार आत आला, म्हणजे नीट बोलणारी, अभ्यासात हुशार पण माणसांमध्ये गोंधळून जाणारी मुलं, ज्यांना आधी नुसतं "विचित्र" म्हणायचे, तीही मोजली जायला लागली.

दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. बऱ्याच मुलांवर आधी दुसरंच लेबल होतं, त्या काळच्या भाषेत "मतिमंद". कॅलिफोर्नियातल्या केसेस तपासल्या तेव्हा साधारण पाव वाढ या लेबल बदलण्यातूनच आलेली निघाली. डेन्मार्कमध्ये तर 1980 ते 1991 मध्ये जन्मलेल्या मुलांमधली 60 टक्के वाढ निकष बदलल्यामुळे आणि 1995 पासून ओपीडीचे पेशंटही देशाच्या पेशंट-नोंदणीत धरल्यामुळे होती. मूल तेच, फाइल वेगळी!

पण म्हणून सगळं व्याख्येवर ढकलून मोकळं व्हायचं, तेही मला पटत नाही. 2013 ला डीएसएम-5 आलं, अ‍ॅस्पर्गर वगैरे सगळं एकाच स्पेक्ट्रममध्ये, म्हणजे सौम्य ते तीव्र अशा एकाच निदानात, घातलं, निकष कागदावर उलट कडक झाले, आता आकडा पडणार असं बरेच जण म्हणत होते आणि तो वाढतच राहिला. कारण 2007 पासून अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने दीड आणि दोन वर्षांच्या प्रत्येक मुलाचं स्क्रीनिंग करा असं सांगितलेलं, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) असलं तरी ऑटिझमचं निदान द्यायला परवानगी मिळाली, मुलींकडे जरा नीट बघायला लागले. शिवाय आईवडिलांचं वाढलेलं वय, खूप लवकर जन्मलेली बाळं आता वाचतात, असा थोडा खऱ्या वाढीचाही भाग असू शकतो. (लसीमुळे ऑटिझम होतो असं काही जण म्हणतात, पण तसं नाही, ते कितीतरी वेळा तपासून झालंय.)

आणि हो, तो तक्ता फक्त 8 वर्षांच्या मुलांचा आहे. चाळिशीत निदान झालेली माणसं त्यात कुठेच नाहीत.